धावांची वही

क्रिकेटच्या मैदानावरचा सर्वांत निरुपद्रवी मनुष्य कोण, असे कुणी विचारले तर मी बेलाशक स्कोअररचे नाव सांगेन. तो धावा काढीत नाही, बळी घेत नाही, कुणाला बाद देत नाही आणि टाळ्याही वाजवीत नाही. टाळी वाजवायला दोन हात रिकामे लागतात आणि त्याच्या एका हातात पेन्सिल असते. सामना संपला म्हणजे मुले एकमेकांना खांद्यावर घेतात, पंच चहाला जातात, आणि हा गृहस्थ आपला टेबलाशी बसून बेरजा करीत असतो. विजयी संघाच्या छायाचित्रात तो कधी येत नाही. फार तर कोपऱ्यात त्याच्या टेबलाचा एक पाय येतो.

गेली एकोणीस वर्षे मी हा टेबलाचा पाय आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झालो, चित्रकलेची परीक्षा दिली आणि खडू-फळ्याच्या धंद्याला लागलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही गोष्टींचा शाळेच्या क्रीडाविभागाला काडीचा उपयोग नाही. पण एका वर्षी धावा लिहिणारे गणिताचे मास्तर बदलून गेले आणि व्यायामशिक्षक माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. चांगल्या अक्षरापायी माणसाला आयुष्यात काय काय सोसावे लागते! लग्नाच्या अहेराची यादी, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, स्नेहसंमेलनाचे फलक हे सारे माझ्याकडे होतेच. त्यात ही भर पडली. मानधन काही नाही. दुपारी एक वडापाव आणि ऊन मात्र पोटभर.

ज्याने ही वही कधी उघडून पाहिली नाही, त्याला ती म्हणजे आकड्यांचा उकिरडा वाटते. खरे म्हणजे ती वाण्याच्या कीर्द-खतावणीसारखी चोख असते. मैदानावर एक चेंडू पडतो, पण वहीत त्याची नोंद तीन ठिकाणी होते: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या चौकटीत आणि एकूण धावांच्या रकान्यात. धाव निघाली नाही तर ठिपका. षटकातले सहाही चेंडू कोरडे गेले तर ते सहा ठिपके रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा. त्याच षटकात बळीही पडला असेल तर जोडणी फिरवून डब्ल्यू करायचा. लहानपणी आईच्या शेजारी बसून ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. दिवस संपला की फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज करायची. दुसरीकडे गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवायचे. दोन्ही आकडे एक यायला हवेत. एका धावेचा फरक आला तरी पहिल्या चेंडूपासून सारे पुन्हा तपासायचे. मेळ लागला म्हणजे जे वाटते ते, खोटे कशाला सांगू, कादंबरी संपवतानाही मला कधी वाटलेले नाही.

क्रिकेटच्या नियमावलीतला तिसरा नियम आम्हा मंडळींसाठी आहे. स्कोअरर दोन असावेत, त्यांनी एकमेकांशी वरचेवर मेळ घालावा आणि पंचांनी केलेली प्रत्येक खूण पाहिल्याची पोच द्यावी, असे तो सांगतो. ही पोच मिळेपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू देत नाहीत. म्हणजे चौकार गेलेला असतो, पोरे ओरडत असतात, गोलंदाज हात चोळीत उभा असतो, आणि सारे मैदान क्षणभर माझा हात वर होण्याची वाट पाहते. बायकोला मी हे एकदा मोठ्या ऐटीत सांगितले. ती म्हणाली, "घरात मात्र हाक मारली तर पोच मिळत नाही."

त्या हातावर अर्थात माझी सत्ता काहीच नाही. पंच सांगतील ते लिहायचे. एकदा आमचा एक मुलगा ४९ वर खेळत होता. चेंडू बॅटची कड घेऊन पायाला लागून गेला, असे टेबलाशी बसलेल्या आम्हा दोघाही स्कोअररांना वाटले. पंचांनी मांडी थोपटून लेगबायची खूण केली. मागे उभी असलेली पोरे ओरडू लागली, "सर, बॅट! बॅट लागली सर!" मी लेगबाय लिहिला. पुढच्याच षटकात तो मुलगा बाद झाला, ४९ वरच. संध्याकाळी त्याने वहीतली आपली ओळ बोट फिरवीत दोनदा मोजली आणि काही न बोलता निघून गेला. पुढचे दोन आठवडे माझ्या तासाला तो नुसत्या रिकाम्या चौकटी काढीत होता.

ही शिस्त माझ्यासारख्या कादंबरीवाल्याला नवीन होती. प्रकाशकाला पाने कमी पडतात म्हणून मी एका कादंबरीत एका म्हाताऱ्याला तीन प्रकरणे जास्त जगवले आहे. मनात आले की पाऊस पाडतो. इथे मात्र एक साधी धावसुद्धा माझ्या मर्जीची नाही. खेळाचा शेवट जितका रटाळ असेल तितका रटाळ लिहावा लागतो.

जगातल्या मोठ्या विक्रमांकडेही मी या टेबलावरून पाहतो, आणि मग त्यांत खेळाडूंपेक्षा लिहिणारे अधिक दिसू लागतात. इंग्लंडातल्या क्लिफ्टन कॉलेजात १८९९ च्या जूनमध्ये कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने नाबाद ६२८ धावा केल्या. एका शाळेतल्या दोन निवासांमधला सामना. कित्येक दुपारी चालला. तिथला एक स्कोअरर म्हणे पुढे थट्टेने सांगे की, ६२८ खरे, पण वीसएक इकडे-तिकडे धरा! माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या टेबलावर बसून शेकड्यांवर शेकडे लिहिणाऱ्याचे बोट किती दुखले असेल, तेही मला कळते.

कॉलिन्सचा तो आकडा ११६ वर्षे टिकला, आणि मोडला तो आपल्या कल्याणात. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. संघाच्या ३ बाद १४६५. लोकांनी तोंडात बोटे घातली. मी कागद घेऊन बसलो. १२९ चौकारांच्या ५१६, ५९ षटकारांच्या ३५४, म्हणजे ८७०. उरलेल्या १३९ धावा त्याने पळून काढल्या. एवढ्या आतषबाजीत एकेक धाव पळणाऱ्या त्या मुलाचे आणि ती टिपणाऱ्या माणसाचे मला जास्त कौतुक वाटले. समोरच्या संघाचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला होता. त्या एकतीस धावाही कुणीतरी तितक्याच सुबक लिहिल्या असतील ना?

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागी तर घरोघर पाठ आहे. मुलांना मी तिच्यावर एक कोडे घालतो. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, बेरीज ६७५. मग भागी ६६४ ची कशी? वर्गात गोंधळ उडतो. कुणीतरी ठामपणे सांगतो की, वहीत चूक आहे. मग मागच्या बाकावरचा एखादा हळूच म्हणतो, "सर, दोघं एकदम आले नसतील." शाबास! संघाच्या दोन बाद ८४ असताना ही भागी सुरू झाली; एकाच्या नावावर तेव्हा काही धावा लागलेल्याच होत्या. ८४ आणि ६६४, एकूण ७४८. मेळ बरोबर.

पण माझे मन खरे रमते ते वहीच्या तळाशी. आमच्याकडे एक अकरावा गडी होता. वर्षभरात सहा डाव खेळला, एकूण धावा तीन, आणि सहाही वेळा नाबाद. कारण त्याची पाळी येईपर्यंत दुसऱ्या टोकाचा बाद होई. वर्षअखेर मी सर्वांच्या सरासऱ्या काढून फळ्यावर लावतो. धावांना किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागायचे. याला भागायचे कशाने? शून्याने भागता येत नाही. त्याच्या नावापुढे मी नुसती आडवी रेघ मारली. पोरे हसली. तो मात्र आठवडाभर सांगत फिरत होता की, सबंध तालुक्यात मला कुणी बाद करू शकलेले नाही, आणि यात शब्दही खोटा नव्हता.

गेल्या वर्षी एसटीत कंडक्टर असलेला एक जुना विद्यार्थी घरी आला. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. "सर, वळखलं का? हिला सांगत हुतो, मी फायनलला चाळीस मारल्या. ती इस्वासच ठेवंना." मी वही काढली. पान उलटताना पाहिले, १५. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा बाप खिडकीबाहेर. मी वाचून दाखवले, "पंधरा, नाबाद." क्षणभर कुणीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "म्हंजे पप्पा आऊट झालेच न्हाईत?" आणि तो कंडक्टर असा काही हसला की, चाळीस धावा करूनही तो तसा हसला नसता.

आता मोबाइलवर सामना लिहिण्याची सोय झाली आहे. बटण दाबले की बेरजा आपोआप होतात. आमचे तरुण व्यायामशिक्षक तेच वापरतात आणि ते ठीकही आहे. पण मी शेजारी वही उघडून बसतोच. याला कारण आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतले.

आमचा मुलूख उसाचा. दिवाळी सरली की गळीत हंगाम धरून मराठवाड्यातून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या पडतात. मोठी माणसे पहाटे फडात जातात. पोरे कोपी राखतात किंवा वाढे गोळा करतात. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या शाळेशी आमचा स्नेहाचा सामना होता आणि आमचा एक गोलंदाज तापाने पडला. पोरांनी कोप्यांवरून एक मुलगा आणला. चौदा वर्षांचा असेल. पायात काही नाही, शर्ट कुणाचा तरी मागून घातलेला. डावखुरा. समोरच्या मास्तरांनी हरकत घेतली नाही.

मी त्याला नाव विचारले. त्याने नुसते घरचे नाव सांगितले. "पूर्ण सांग," मी म्हणालो.

"कशाला लिव्हता सर? मी काय हितला न्हाई."

तरी मी वडिलांचे नाव, आडनाव विचारून घेतले आणि त्याला दाखवून लिहिले. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. वाचता येत होते त्याला, सहावीपर्यंत शिकला होता. मग त्याने गोलंदाजी केली: ९ षटके, २ निर्धाव, २१ धावा, ४ बळी. चेंडू मॅटिंगवर पडून आत असा यायचा की, समोरच्या पोरांना बॅट कुठे धरावी ते कळेना.

संध्याकाळी संस्थेतले एक वजनदार गृहस्थ टेबलाशी आले. वर्तमानपत्राला बातमी द्यायची होती. ते चार बळी आमच्याच एका मुलाच्या नावावर करावेत, अशी त्यांची सूचना होती. म्हणाले, "तो पोरगा हजेरीपटावर नाही, उद्या कोण विचारणार आहे? आणि तुमचं तर पेन्सिलीनंच लिहिलेलं आहे." बोलता बोलता त्यांनी खोडरबर माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या हाती माझी नोकरी होती असे नाही, पण वेतनवाढीच्या कागदावर त्यांच्या सहीला महत्त्व होते. मी म्हणालो, "बेरजा जुळल्या आहेत साहेब. आता हात लावला तर सगळं मोडेल." हे गणिताच्या दृष्टीने खरे नव्हते; नाव बदलल्याने बेरीज बदलत नाही. पण त्यांना वही वाचता येत नव्हती, हे माझे नशीब.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आमच्याच त्या मुलाचे नाव छापून आले. त्याच्या घरी पेढे वाटले गेले. ते कात्रण शाळेच्या काचफलकात वर्षभर होते. वहीतले पान मात्र मी त्याच रात्री शाईने गिरवून काढले.

पाडव्याच्या आसपास टोळी निघून गेली. पुढल्या हंगामात मी मुलांना ओढ्याकाठी धाडले, तर मुकादम दुसरा, माणसे दुसरी. त्या मुलाचे नाव मी इथे छापीत नाही, कारण त्याला विचारता आलेले नाही. वही घरी फडताळात आहे. शाळेची रंगरंगोटी झाली तेव्हा जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या, त्या मी पिशवीत घालून आणल्या. माझ्या दोन कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांना वाळवी लागली. वह्यांना अजून लागलेली नाही. वाळवीलाही काही वाङ्मयीन आवडनिवड असावी.

यंदाचा हंगाम आता तोंडावर आला आहे. नव्या कोप्या पडू लागल्या की आमच्या संघातली पोरे सायकली काढून तिकडे चक्कर मारून येतात. त्या सामन्याच्या वेळी यांतले एकही पोर माझ्या शाळेत नव्हते. गेल्या वर्षी मी हटकले, "काय रे, तिकडे काय बघायला जाता?"

"कोण डावखुरा आलाय का बघतोय, सर."