इस्लापूरचा वैशाख

वैशाखात इस्लापुरास जाणाऱ्या प्रवाशास कोणी शहाणा म्हणणार नाही. तथापि धाकट्या बंधूंचे आमंत्रण मोडवेना, म्हणून गेल्या वर्षी आम्ही नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलो आणि भोकर, हिमायतनगर मागे टाकून सहस्रकुंड स्थानकावर उतरलो. इस्लापूर किनवट तालुक्यात आहे. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. सभोवार सागवानाचे रान आहे खरे. पण या दिवसांत साग निष्पर्ण असल्याने रानातही सावली मिळत नाही. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात गर्जत असतो. आम्हांस मात्र काळ्या खडकावरून ओघळणाऱ्या चार क्षीण धारा तेवढ्या दिसल्या. पलीकडचा यवतमाळ जिल्ह्याचा काठ उन्हात थरथरत होता.

बंधूंच्या घरी पुतण्याने माजघरात नुकतेच वातानुकूलन यंत्र बसविले होते. रात्री सारे कुटुंब तेथेच अंथरुणे घालीत असे. मुलांनी रिमोट हाती घेऊन आकडा १८ वर नेला. "आजोबा, कमी आकडा लावला की खोली लवकर गार होते," असे त्यांचे शास्त्र! मध्यरात्री आम्ही शाल अंगावर ओढली आणि स्वस्थ झोपलो.

पहाटे उठून पाहतो तो थोरल्या वहिनी ओसरीवरच्या बाजेवर. वय अठ्ठ्याहत्तर, सांधे धरलेले. गारठा सोसवेना म्हणून त्या मुकाट्याने बाहेर आल्या आणि वारा पडलेल्या त्या उकाड्यात पाण्यावाचून पडून राहिल्या. अंग तापलेले, जिभेस कोरड, बोलणे तुटक. डॉक्टरांनी सलाईन लावले. शुद्धीवर येताच म्हणाल्या, "भाऊजी, लेकरांची झोप कशाला मोडायची?" हे ऐकून आम्हांस आमच्या शालीची लाज वाटली.

त्या दिवशी आम्ही पुन्हा मास्तर झालो. मुलांस सांगितले : यंत्रातील तापमापक खोलीतील हवा जोखतो आणि ठरविलेला अंश गाठताच गारवा करणारा भाग थांबवितो. तुमच्या यंत्राचा तो भाग एकतर पूर्ण जोराने चालतो, नाहीतर बंद राहतो. म्हणून आकडा १८ असो वा २४, खोली एकाच वेगाने गार होते. फरक इतकाच की, १८ लावल्यास तो थांबतच नाही आणि वीजबिल फुगते. आकडा एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावीत, असा नियम झाला.

मग सर्वांच्या विचाराने बेत ठरला. दुपारी पश्चिमेच्या खिडकीस वाळ्याचा ओला पडदा, दारे बंद. रात्री नऊस यंत्र २४ वर आणि जोडीला मंद पंखा, बारानंतर २६, पहाटे पाचास यंत्र आपोआप बंद व्हावे अशी वेळ लावायची, आणि मग खिडक्या उघडायच्या. वहिनींचे अंथरूण झोताच्या वाटेतून हलवून भिंतीशी घातले, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आकडा बदलावयाचा झाल्यास प्रथम त्यांस विचारावे, हा नियम मुलांनीच केला. पुढील महिन्याचे बिल उतरल्याचे पुतण्याने कळविले.

आमच्या भाषेत 'समशीतोष्ण' असा एक सुंदर शब्द आहे. भूगोल शिकविताना आम्ही तो दूरच्या कटिबंधांस लावीत असू. तो आपल्या माजघरासही लावावयाचा असतो, हे आम्हांस इस्लापुरात उमगले. मात्र हे साम्य यंत्र ठरवीत नाही. घरातील सर्वांत अशक्त माणसास जे सोसेल, तेच त्या घराचे योग्य तापमान.

यंदा वहिनींचा निरोप आला आहे : "वैशाखात अवश्य यावे. शाल आणू नये."