वर्षभर जगायची अट

देवासहून इंदूरमार्गे धारला जाताना बसमध्ये एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ भेटले. मी सरकारी कारकून, हे कळताच त्यांनी विचारले, ‘‘चर्चच्या नावे मृत्युपत्र केले तर टिकेल का?’’ त्यांच्या वडिलांचे टिकले नव्हते. १९२५च्या वारसा कायद्याचे ११८वे कलम! जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादायासाठी मृत्युपत्र केले, की पुढे निदान बारा महिने जगायचे. वडील आठव्या महिन्यातच गेले. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, असे मी सांगितले. आमच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच असते. (मला तेच बरे वाटते.) ते म्हणाले, ‘‘मुलगा रागावेल. पण चर्चचे छप्पर गळते आहे हो.’’