मागचा बाक

रविवार, रात्री.

आज चौदा महिन्यांनी चर्चमध्ये गेले. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. पिशवीत आईचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक होतं. पुठ्ठा सुटलेला, कडेला हळदीच्या बोटांचा डाग.

बाबा गेले तेव्हा वर्गणी थकली म्हणून चर्चच्या पंचांनी दफनविधीला आढेवेढे घेतले. ओसरीत बाबांचा देह आणि पायरीवर पावतीपुस्तक. ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानंतर प्रार्थनेला शब्दच फुटेनात. देव आहे तरी का, इथपर्यंत मन गेलं.

मंडळीतले लोक म्हणतात, शंका म्हणजे पाप. मला नाही पटत. थोमा या शिष्याला विश्वास ठेवण्याआधी प्रभूच्या जखमा बघायच्या होत्या. प्रभूने त्याला हाकलून दिलं नाही, जवळ बोलावलं. आणि आपले कवी ना. वा. टिळक? 1895 साली बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं राबले आणि 1917 मध्ये तिथून बाहेर पडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. मिशन सुटलं, ख्रिस्त सुटला नाही. हे आठवलं की बळ येतं.

आज टिळकांचंच गीत होतं. पहिलं कडवं नुसतं ऐकलं. दुसऱ्याला आईच्या पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवलं आणि आवाज निघाला. चिरका, पण निघाला.

प्रभुभोजनाला मात्र पुढे गेले नाही. बाबांचा दफनविधी अडवणाऱ्या त्याच हातांतून भाकर घेणं अजून जमत नाही, आणि जमल्याचं सोंग मी प्रभूसमोर करणार नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.