चावा

बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. भाचीने चिंचिला पाळली आहे. अँडीज पर्वतातली, सशाच्या पिलाएवढी, रेशमासारखी मऊ. कौतुकाने मी गजांतून बोट घातले, आणि ती कडकडून चावली! मी हात उगारला.

“मामा, मारू नकोस! ती भ्यालीये!” भाची कळवळली.

मग तिने मला धडा दिला. गजांतून आलेले बोट तिला खाऊ वाटते; वरून येणारा हात शिकारी पक्षी वाटतो. हलकेच कुरतडणे म्हणजे नुसती ओळख. तळहात खाली उघडा ठेवायचा. ती आपण होऊन येते.

चौथ्या संध्याकाळी ती हातावर चढली. मला मात्र, ‘उद्धट’ म्हणून वर्गाबाहेर काढलेला एक विद्यार्थी आठवला. परतल्यावर त्याला चहाला बोलवायचे आहे.