टायरचे टक्कल

आचोळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलस्वारांचा घोळका जमला, की थट्टेला ऊत येतो. "माझ्या गाडीचे ८०,००० किलोमीटर झाले, अजून तरणी आहे!" "तरणी खरी. पण टायरला टक्कल पडले त्याचे काय?"

जरा विचार करा. चाकाचे तळहाताएवढेच रबर जमिनीला टेकते. पावसाळ्यात त्याखालचे पाणी बाजूला सारतात त्या टायरच्या खाचा. दुचाकीला ही खाच निदान ०.८ मिलिमीटर खोल हवी, असे कायदा सांगतो. पण असा उपदेश मित्राच्या तोंडून कोण ऐकून घेईल? काळजी उघड बोलून दाखविण्याचा आपल्याला संकोच वाटतो. म्हणून ती थट्टेचे सोंग घेऊन येते. मला तर हे सोंगच अधिक गुणकारी वाटते. कायद्यावर मनुष्य वाद घालतो. टकलावर मात्र हसतो, आणि मग निमूटपणे टायरवाल्याची वाट धरतो.