जोड धरला का?

आमच्या भंडाऱ्याकडे ऑपरेशन म्हटलं की लोक एकच विचारतात, "सक्सेस झालं ना?" डॉक्टर थिएटरबाहेर येऊन "झालं" म्हणाले की फोनाफोनी सुरू! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या दिवशी या प्रश्नाला उत्तरच नसतं. हे मला मोठेबाबांमुळे (वडिलांचे थोरले भाऊ) कळलं.

मोठेबाबांची पवनीकडे धानाची शेती. संडासवाटे रक्त जायचं, ते वर्षभर मूळव्याध म्हणून काढलं. शेवटी नागपूरला दुर्बिणीतून तपासलं तर गुदाशयाच्या वरच्या भागात गाठ. नोव्हेंबर २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. गाठीचा भाग काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली.

सगळी मेख या जोडात आहे. टाके किंवा पिना टोकं फक्त धरून ठेवतात, भरून यायचं काम शरीराचंच. पहिले काही दिवस तो जोड कच्चा असतो. तो सुटला तर मळ पोटात सांडतो, आणि हे बहुतेकदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास लक्षात येतं. जोड वर असेल तर शंभरात थोड्याच जणांचा सुटतो. गुदाशयात अगदी खाली असेल तर दहाच्या आसपास. उत्तम सर्जनच्या हातूनही हे होतं. खालच्या जोडाला म्हणूनच पुष्कळदा आधीच पोटावर तात्पुरती वाट काढून ठेवतात. मोठेबाबांचा जोड वरचा होता, त्यामुळे तशी काढली नव्हती.

पाचव्या दिवशी मोठेबाबा पेज प्यायले, वारा सरला. मोठी आई म्हणाली, "धान उभा आहे न बांधीत, कवा सोडतेत आता?" सहाव्या दिवशी सकाळी ताप, नाडी १२० आणि पोट नगाऱ्यासारखं ताठ. सीटी स्कॅन झाला आणि रात्रीच पुन्हा पोट उघडलं. पोट धुतलं, जोड सोडवला, आतड्याचं वरचं टोक पोटावर आणून तिथे पिशवी लावली. नऊ दिवस आयसीयू. (सहाव्या दिवशी ते पवनीत असते तर? नागपूर तिथून दोन तासांवर. असो.)

वाचले! पण हिशोब तिथे संपत नाही. गाठीजवळच्या ग्रंथींमध्येही कॅन्सर सापडला होता, म्हणजे केमो हवीच. ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी लागते. आमची फेब्रुवारी उजाडली, कारण शरीरात ताकदच नव्हती. जोड सुटलेल्यांचं पुढचं आयुर्मान सरासरीने कमी दिसतं, त्यामागे केमोला होणारा हा उशीर हे एक कारण मानतात. डॉक्टरांनी ते लपवलं नाही, पण "सरासरी म्हणजे तुमचे मोठेबाबा नव्हेत" हेही सांगितलं.

पिशवीचं काय सांगू... आधी ठरवून ऑपरेशन असेल तर बसवून, उभं करून पोटावर जागा आखतात. रात्रीच्या घाईत ते कुठलं जमायला? पिशवी नेमकी पायजम्याच्या नाडीखाली आली. नाडी आवळली की सुटायची. लग्नाच्या पंगती बंद, एसटी बंद. मोठी आई मात्र आठवड्याभरात मापाने भोक कापायला शिकली. ऑपरेशन आणि केमो सरकारी योजनेत बसले; पिशव्यांचा खर्च आमचाच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं. पुष्कळांची ती कधीच निघत नाही. म्हणजे पुन्हा एक जोड, पुन्हा तेच दिवस! यावेळी मोठी आई बोटांवर मोजत होती आणि आठव्या दिवसापर्यंत तिने घराचं नाव काढलं नाही.

नंतर दर तीन महिन्यांनी सीईएची रक्ततपासणी, मग सहा महिन्यांनी. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, त्यामुळे रिपोर्टच्या आदल्या रात्री घरात कोणी झोपायचं नाही. लॉकडाऊनमध्ये एक तपासणी हुकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाच वर्षं पूर्ण झाली.

मागे लाखांदूरच्या एका ओळखीच्यांचं असंच ऑपरेशन झालं. फोनवर सगळे "सक्सेस, सक्सेस" म्हणत होते. मोठेबाबांनी फोन घेतला आणि विचारलं, "आज कितवा दिवस?"