पूर्णेच्या पेटीतला अर्ज

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक साहेबांच्या उर्सासाठी आम्ही परभणीला जातोच. यंदा दर्ग्यावर हजेरी लावून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पूर्णेला गेलो. आम्ही दोघे, तीन मुले आणि अब्बा. पिंगळी, मिरखेल मागे पडले. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आली होती. मुलांना सांगितले, आपले परदादा याच लाइनीने कोळशाच्या खाणीवर गेले होते. धाकट्याने लगेच विचारले, "परत कधी आले?" नेमके तेच तर आम्हाला माहीत नव्हते.

घरात दोन कहाण्या चालत. अब्बांची अशी की, त्यांचे दादा खाण-मजुरांच्या हक्कासाठी भांडले. दुसरी घरातल्या बायकांची, हलक्या आवाजातली: बैलजोडी विकून गेले आणि हात हलवत आले. अब्बांच्या फुफी, म्हणजे आमच्या फुफीदादी, परदादांची हयात असलेली एकुलती एक मुलगी. आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय काही उलगडणार नव्हते.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरगेज लाइन झाली, पुढे हिंगोलीकडचा फाटा आला, आणि इथे इंजिनांची शेड उभी राहिली. वाफेच्या इंजिनांना कोळसा लागे आणि निजामाच्या रेल्वेचा कोळसा सिंगरेणीचा. १८७१ मध्ये डॉ. किंग या भूगर्भशास्त्रज्ञाला येल्लंदूजवळ तो सापडला आणि १८८९ पासून खाण रीतसर सुरू झाली. तेव्हा परभणी आणि येल्लंदू एकाच राज्यात होते. सिकंदराबाद, डोर्नकल आणि तिथून फाटा, असा रस्ता. उर्दू लिहिता-वाचता येणाऱ्या मराठवाड्यातल्या तरुणाला तिकडे मुन्शीगिरी मिळणे नवलाचे नव्हते. परदादा हाजिरी मुन्शी होते, एवढे फुफीदादींना पक्के ठाऊक.

खिचडी-खट्टा आणि पापड खाऊन झाल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी ओढायला लावली. जुन्या दुलईखाली चार घड्यांचा एक कागद होता. उर्दू, तीही शिकस्ता, घाईची. अब्बांना उर्दू येते, पण हे अक्षर त्यांना लागेना. आमची मुले मराठी शाळेतली. त्यांनी तर कागद उलटाच धरला. लाज वाटली, खोटे कशाला बोला. शेवटी मोहल्ल्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना बोलावले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द सोडवत तासभर घेतला.

तो अर्ज होता. खाली, खाणीत, पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे. दिव्याच्या तेलाचे पैसे मजुरीतून कापू नयेत. वरून काम बंद ठेवले तर त्या दिवसाची रोजी बुडू नये. खाणीत कोणी दगावला तर त्याच्या बेवेला पैशांसाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागू नयेत. कोणत्या खाणीला लिहिला, ते फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेले. खाली तेवीस अंगठे. शेजारी नावे: बरीचशी तेलुगू, काही आपल्याकडची, तीन मुसलमानी. परदादांचे नाव त्यात नव्हते. अक्षर मात्र त्यांचे, कारण त्याच पेटीतल्या निकाहाच्या खर्चाच्या यादीत तोच हात होता.

कागदावर साल १३५५ फसली. त्यात ५९० मिळवायचे, हे गुरुजींनी मुलांना शिकवले: १९४५-४६. मोठीने पाटीसारखे मोबाइलवर गणित केले. म्हणजे सिंगरेणीचा कारभार निजाम सरकारकडे आला तो काळ. सिटी कॉलेजातली उर्दूची नोकरी सोडून कामगारांत उतरलेले शायर मखदूम मोहिउद्दीन यांनी आणि राज बहादूर गौड यांनी १९४६ मध्ये राज्यभरच्या कामगार संघटनांना एकत्र आणले, तोही. परदादा त्यांच्या कोणत्या सभेला गेले का? अब्बांना ते हवे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण कागदात तसे काही नाही आणि आम्ही ते जोडणार नाही. अंगठा देणाऱ्यांना लिहिता येत नव्हते. हजेरी मांडणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी लिहिले. एवढे नक्की.

कबरस्तानात गेलो. जुन्या कबरींवर दगड नाहीत. फुफीदादींच्या मुलाने कडुलिंबाखाली अंदाजाने जागा दाखवली. फातिहा पढलो.

परत आल्यावर कागद परभणीला न्यायची परवानगी मागितली, लॅमिनेशन करून आणू म्हणालो. फुफीदादींनी मान हलवली. मोबाइलवर फोटो काढू दिला, मग स्वतःच्या हाताने घडी घालून तो दुलईखाली ठेवला. आम्ही चपला घालत होतो तेव्हा आतून आवाज आला, "बैलां का कुछ लिखे क्या उसमें?"

अब्बा म्हणाले, "नहीं, फुफी."